रेस ज्युडिकाटा, एक्स पार्टे, कॅव्हेट: कोर्टातलं लॅटिन आपल्याला कुणी समजावून सांगतं का?

बांधावरचा (रविवार, रात्री ९:५०)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय.

आमच्या शेताकडे जायची वाट शेजारच्या गटातून जाते. बैलगाडीची जुनी वहिवाट. आजोबांच्या काळात त्यावरून भांडण झालं आणि १९९१ साली त्यांनी तालुक्याच्या कोर्टात दावा लावला. तीनेक वर्षांनी तो संपला. कसा संपला ते घरात कुणालाच नीट माहीत नाही, कारण तोवर दोन्ही घरांची दिलजमाई झाली होती आणि वाट चालू राहिली. मागच्या वर्षी शेजाऱ्यांच्या पुढच्या पिढीने तारेचं कुंपण घातलं. ऊस बाहेर काढायला जागा नाही, म्हणून वडिलांनी नव्याने दावा लावला. आता समोरच्यांनी कैफियत दिली आहे की या दाव्याला 'रेस ज्युडिकाटा'ची बाधा येते, सबब दावा काढून टाकावा.

वडील सातवी शिकलेत. तारखेहून आले आणि म्हणाले, "दोघं वकील साहेबासमोर अर्धा तास रेस रेस करत होते, आपल्या वाटेचं कुणी नावच काढलं नाही." आमच्या वकिलांना विचारलं तर "टेक्निकल मुद्दा आहे, तुम्ही नका डोकं लावू" एवढंच उत्तर. वडील तीन रात्री झोपलेले नाहीत.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. या शब्दाचा अर्थ काय आणि आम्हाला खरंच बाधा येते का? आणि दुसरं, तालुक्याच्या कोर्टात मराठीत कामकाज चालतं म्हणतात, मग हे लॅटिन शब्द अजून का? तुम्हाला कुणाला असा अनुभव आलाय का?

श्रावणी_म (रविवार, रात्री १०:०५)

काकांना सांगा, धीर सोडू नका. कायद्यातलं मला काही कळत नाही, पण लॅटिन आपण रोज बोलतो हे लक्षात आलं. मुलाचं बोनाफाईड काढायला मी गेल्याच आठवड्यात शाळेत जाऊन आले. आमच्या गावातल्या आज्यासुद्धा 'बोनाफाईड' म्हणतात. 'सद्भावनेने' असा मूळ अर्थ आहे हे मला आत्ता शोधल्यावर कळलं.

काळाकोट (रविवार, रात्री ११:२०)

बांधावरचा दादा, तालुका कोर्टात २२ वर्षं वकिली करतोय. तुमची कागदपत्रं पाहिल्याशिवाय 'तुमचं असं होईल' असं सांगणं चुकीचं ठरेल, पण शब्द समजावून सांगतो. हे तुमच्या वकिलांनीच सांगायला हवं होतं.

रेस म्हणजे गोष्ट, बाब. ज्युडिकाटा म्हणजे निवाडा झालेली. ज्या बाबीचा निवाडा एकदा झाला, ती त्याच माणसांत पुन्हा कोर्टापुढे आणता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८, कलम ११. हेतू चांगला आहे. नाहीतर पैसेवाला माणूस हरला की पुन्हा दावा, पुन्हा हरला की पुन्हा दावा, असं करून गरिबाला आयुष्यभर तारखेला नाचवील.

पण या कलमाचे अटीचे शब्द महत्त्वाचे आहेत. वाद तोच हवा, पक्षकार तेच किंवा त्यांच्यामार्फत हक्क सांगणारे हवेत (तुमचे वडील आजोबांमार्फत हक्क सांगतात, त्यामुळे ही अट तुम्हाला लागते), आधीच्या कोर्टाला अधिकार हवा, आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो वाद आधीच्या कोर्टाने ऐकून अंतिमतः निर्णीत केलेला हवा. कागदावर दावा 'संपला' एवढ्याने भागत नाही. आजोबांचा दावा पुरावा होऊन, गुणदोषांवर फेटाळला गेला असेल तर अडचण आहे. गैरहजेरीत काढून टाकला असेल तर ती रेस ज्युडिकाटा नव्हे. तिथे त्याच संहितेतले ऑर्डर ९ चे, म्हणजे गैरहजेरीबद्दलचे नियम लागतात आणि त्यातही कोण गैरहजर होतं यावर बरंच अवलंबून असतं. दावा काढून घेतला असेल तर पुन्हा वेगळा नियम.

म्हणून पहिलं काम, १९९१ च्या दाव्याच्या शेवटच्या रोजनाम्याची (त्या तारखेच्या कामकाजाच्या नोंदीची) आणि हुकुमाची नक्कल काढा. ती हातात आल्याशिवाय झोप घालवू नका.

कुंभार्ली (सोमवार, सकाळी ७:१०)

रुमाल टाकून ठेवतो. चांगला धागा.

टंकमुद्रा (सोमवार, सकाळी ९:३०)

जिल्हा न्यायालयात लघुलेखक म्हणून ३१ वर्षं काढली, आता निवृत्त. बांधावरचा यांच्या वडिलांसारखी माणसं मी दारात रोज पाहिली आहेत.

२१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा आणि दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी ठरली. त्याआधीही साक्षी मराठीत व्हायच्याच. पण मराठी म्हणजे काय हे आत येऊन ऐका. दावा, कैफियत, वकालतनामा, जामीन, तहकूब, मुद्देमाल, हुकूमनामा हे सगळं फारसी-अरबीतून आलेलं. निशाणी, पुकारा, सरतपास, उलटतपास हे अंगवळणी पडलेले. समन्स आणि बेलिफ इंग्रजांचे. आणि युक्तिवाद रंगात आला की लॅटिन. यातलं पहिलं सगळं पक्षकाराला कळतं, कारण आजोबा-पणजोबांपासून तो ते ऐकत आलाय. 'तारीख तहकूब झाली' हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. लॅटिन मात्र वकील आणि न्यायाधीश यांच्यातच राहिलं, ते कट्ट्यापर्यंत कधी आलंच नाही.

एक शब्द मात्र आला आणि त्याने फार नुकसान केलेलं मी पाहिलं आहे, तो म्हणजे 'एक्स पार्टे'. समन्स लागलेलं असूनही माणूस हजर झाला नाही की त्याच्याविरुद्ध एकतर्फा कामकाज चालवण्याचा हुकूम होतो. गावाकडे समजूत अशी की 'आपण गेलोच नाही तर केस चालणार कशी?' केस चालते. हुकूमनामाही होतो. तो रद्द करून घ्यायला ३० दिवस असतात, हुकूमनाम्याच्या तारखेपासून. समन्सच रीतसर लागलं नसेल तर कळल्यापासून. दाराशी बेलिफ जप्तीला आल्यावर धावत येणारे लोक मी पाहिलेत. हातात जुनी नोटीस, तिच्यावर 'एक्स पार्टे' लिहिलेलं, आणि कुणीतरी त्यांना सांगितलेलं असायचं की म्हणजे पार्टी सुटली.

सखी_सावली (सोमवार, दुपारी १:१५)

टंकमुद्रा काका, तुमचं शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला, कारण आमच्या घरातही हेच झालं.

माझ्या मावसबहिणीची कौटुंबिक न्यायालयात केस होती. सासरी जे झालं ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. कुणीतरी तिला म्हणालं, "काळजी करू नको, तुझी साक्ष इन कॅमेरा होईल." ती घरी येऊन ढसाढसा रडली. तिला वाटलं तिचं बोलणं कॅमेऱ्यावर चित्रित करणार आणि ते कुठेतरी बाहेर जाणार. तिने साक्ष द्यायचीच नाही असं ठरवलं. एक तारीख ती आजारी असल्याचं सांगून गेलीच नाही.

पुढे समुपदेशक बाईंनी कागदावर लिहून दाखवलं की लॅटिनमध्ये कॅमेरा म्हणजे खोली. इन कॅमेरा म्हणजे बंद खोलीत, बाहेरच्या लोकांना बाहेर ठेवून. म्हणजे ज्या तरतुदीने तिची अब्रू झाकायची, तिच्याच नावाने ती घाबरली होती. कौटुंबिक न्यायालयात पक्षकाराची इच्छा असेल तर बंद दालनात कामकाज घ्यावंच लागतं, तो तिचा हक्क होता. 'बंद दालनात' हे दोन शब्द पहिल्याच दिवशी कुणी उच्चारले असते तर तिचे सहा महिने वाचले असते.

नाडीपरीक्षा (सोमवार, दुपारी ३:४०)

सखीताई, वाचून वाईट वाटलं. मी डॉक्टर आहे, त्यामुळे आरोप माझ्या पेशावरही येतो हे मान्य करून लिहितो. आम्ही चिठ्ठीवर 'बीडी', 'टीडीएस', 'एसओएस' लिहितो तेही लॅटिनच. बिस इन डाय, दिवसातून दोनदा. सी ओपुस सित, गरज पडल्यास. केमिस्ट पाकिटावर दोन रेघा मारून देतो म्हणून रुग्णाचं भागतं. कोर्टात तशा रेघा मारून देणारं कुणी नाही, हा मला खरा फरक वाटतो.

आमच्या पेशाशी संबंधित एक लॅटिन वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. 'रेस इप्सा लोक्विटर', गोष्टच स्वतः बोलते. १९६३ साली औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात बाळंतपणानंतर एका बाईंची नसबंदीची शस्त्रक्रिया झाली आणि पोटात टॉवेल राहिला. बाई वारल्या. चूक नेमकी कुणाच्या हातून झाली हे घरच्यांनी कसं सिद्ध करायचं? ते तर शस्त्रक्रियेच्या खोलीत नव्हते. हा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९९६ ला निकाल लागला. न्यायालयाने म्हटलं की इथे टॉवेलच बोलतो. निष्काळजीपणा झाल्याशिवाय पोटात टॉवेल राहत नाही. खालच्या कोर्टाने मंजूर केलेले ३६,००० रुपये घरच्यांना परत मिळाले. ३३ वर्षांनी.

म्हणून लॅटिन म्हटलं की सरसकट वकिलांची भिंत असं मला म्हणवत नाही. हे तीन शब्द गरिबाच्या बाजूने उभे राहिले.

लीड्सकर (सोमवार, संध्याकाळी ७:०५)

मी थोडं वेगळं म्हणेन. डॉक्टरसाहेब, ते तीन शब्द नसते आणि नुसतं 'गोष्टच बोलते' असं लिहिलं असतं तरी त्या घराला तोच न्याय मिळाला असता. न्याय तत्त्वाने दिला, लॅटिनने नव्हे.

मी इंग्लंडात राहतो. जिथून हे शब्द आपल्याकडे आले तिथेच ते काढून टाकायला सुरुवात होऊन पंचवीसहून जास्त वर्षं झाली. २६ एप्रिल १९९९ पासून इथे दिवाणी कामकाजाचे नवे नियम लागू झाले. 'एक्स पार्टे' गेलं, 'नोटीस न देता' आलं. 'इन कॅमेरा' गेलं, 'खासगीत' आलं. अज्ञान मुलावर दावा झाला तर त्याच्या वतीने लढणारा 'गार्डियन अ‍ॅड लायटम' होता, तो 'दाव्यातला मित्र' झाला. २००४ मध्ये मँडॅमस, सर्शिओराराय यांचीही नावं साध्या इंग्रजीत आली: करायला लावणारा आदेश, रद्द करणारा आदेश. घरमालकाने डिपॉझिट अडवलं तेव्हा मी स्वतः, वकिलाशिवाय, छोट्या रकमेचा दावा चालवला. फॉर्मवर एकही शब्द अडला नाही.

आणि ही लढाई इथे जुनी आहे. १७३० साली पार्लमेंटने कायदा केला की कोर्टाचं काम लॅटिन आणि फ्रेंचमध्ये न चालता लोकांच्या भाषेत, म्हणजे इंग्रजीत चालावं. १७३३ पासून तो लागू झाला. त्या वेळीही वकील म्हणत होते की अर्थ बिघडेल. काही बिघडलं नाही.

आपण मात्र ते अजून देव्हाऱ्यात ठेवलंय.

काळाकोट (सोमवार, रात्री १०:३०)

लीड्सकर, मुद्दा रास्त आहे, पण एका ठिकाणी अडतो. त्याच इंग्लंडने हेबियस कॉर्पसला (धरून ठेवलेल्या माणसाला कोर्टापुढे आणायला लावणाऱ्या आदेशाला) हात लावलेला नाही. ते नाव तसंच आहे, कारण त्या शब्दामागे शतकांचा इतिहास उभा आहे. आमचंही तेच होतं. कोर्टात मी 'रेश्यो' आणि 'ऑबिटर' म्हणतो तेव्हा न्यायाधीशांना एका शब्दात कळतं की निकालातला बांधून घालणारा भाग कोणता आणि ओघात केलेलं भाष्य कोणतं.

पण हेही सांगतो की आपले मूळ कायदे मुळात इतके लॅटिन नाहीत. जून २०२४ अखेरपर्यंत लागू असलेली १८६० ची दंड संहिता चाळून बघा. 'मेन्स रिया' (गुन्हेगारी मन) हा शब्द त्यात नाही. लबाडीने, कपटाने, जाणूनबुजून असे साधे शब्द वापरलेत. लॅटिन निकालपत्रांतून आणि आमच्या तोंडून आलं. म्हणजे ते कमी करणं आमच्याच हातात आहे, त्यासाठी संसदेची वाट बघायला नको. पक्षकारासमोर लॅटिन बोलायचं तर लगेच त्याचा मराठी अर्थ सांगायचा, एवढं मी या धाग्यापासून ठरवलं.

'ऑडी आल्टरम पार्टेम' माझं आवडतं. दुसऱ्या बाजूचंही ऐका. मुंबईत फुटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व लावलं. पालिकेच्या कायद्यात नोटिशीशिवाय अतिक्रमण हटवायची मुभा होती. न्यायालय म्हणालं, मुभा आहे याचा अर्थ एरवी नोटीस द्यायचीच नाही असा नव्हे. त्यांचंही म्हणणं ऐका.

मृगनक्षत्र (मंगळवार, सकाळी ८:००)

अवांतर: 'सुओ मोटो' की 'सुओ मोटू'? पेपरात तर 'सुमोटो' छापतात.

टंकमुद्रा (मंगळवार, सकाळी ८:४०)

मूळ 'सुओ मोटू', स्वतःच्या प्रेरणेने. टंकलेखनात मी कायम 'मोटू' केलं आणि कायम कुणीतरी पेनने 'मोटो' करून परत पाठवलं. 'कोर्टाने स्वतःहून दखल घेतली' हे मराठी इतकं स्वच्छ आहे की तिथे दोन्हींची गरज नाही.

पोथीवाली (मंगळवार, सकाळी ११:२५)

पुरातत्त्व आणि धर्मशास्त्र हा माझा अभ्यासाचा विषय. इतका वेळ वाचत होते, आता राहवत नाही.

रेस ज्युडिकाटा ही रोमची मिरास नाही. आपल्या व्यवहारशास्त्रात प्रतिवादीने द्यायच्या उत्तराचे चार प्रकार सांगितलेत: मिथ्या (हे खोटं आहे), संप्रतिपत्ती (मान्य आहे), प्रत्यवस्कंदन (मान्य आहे, पण वेगळं कारण आहे) आणि प्राङ्न्याय. प्राक् म्हणजे पूर्वी, न्याय म्हणजे निवाडा. 'तू याच बाबीत पूर्वी हरला आहेस' एवढं म्हटलं की ते प्राङ्न्याय उत्तर. कात्यायन या स्मृतिकाराचं हे वचन मिताक्षरा या टीकाग्रंथात आलंय. १९१६ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे (त्या काळच्या लंडनमधल्या शेवटच्या अपील न्यायालयापुढे) रेस ज्युडिकाटाचा वाद आला तेव्हा सर लॉरेन्स जेंकिन्स यांनी निकालात तेच उद्धृत केलं आणि हा नियम हिंदुस्थानाला परका नाही असं दाखवून दिलं. जेंकिन्स त्याआधी १८९९ ते १९०८ आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते.

मराठेशाहीत तर याचे कागद तयार व्हायचे. गोतसभेपुढे (गावच्या न्यायसभेपुढे) उभं राहताना आधी दोघांकडून राजीनामा घेत, म्हणजे निवाडा मान्य करू अशी लेखी कबुली. निवाडा झाला की जिंकणाऱ्याला निवाडपत्र आणि हरणाऱ्याकडून येजितखत, 'मी हरलो, पुन्हा कज्जा करणार नाही' असं लिहून. बांधावरचा यांच्या आजोबांच्या दाव्यात कुणी येजितखत दिलं होतं का, असाच प्रश्न आज कोर्टापुढे आहे, शब्द तेवढा बदललाय.

आणखी एक. दत्तकाच्या खटल्यांत इंग्रज न्यायाधीश 'फॅक्टम व्हॅलेट' म्हणत. करू नये ते केलं, पण झालं ते झालं, आता ते टिकतं. जीमूतवाहनाच्या दायभाग या वारसाविषयक ग्रंथात वचन आहे: 'वचनशतेनापि वस्तुनोऽन्यथाकरणाशक्तेः', शंभर वचनांनीही घडलेली वस्तुस्थिती बदलता येत नाही. साहेबांनी या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या. मला त्यात फार आनंद वाटतो. तेच शहाणपण दोन भाषांना सुचलं.

कुंभार्ली (मंगळवार, दुपारी १२:१०)

पोथीवाली ताई, वाचनखूण साठवली. मग आपण सरळ 'प्राङ्न्याय' का म्हणू नये?

श्रावणी_म (मंगळवार, दुपारी १२:३०)

कारण बांधावरचा यांच्या वडिलांना तोही कळणार नाही. :)

संविधानाची मराठी प्रत काढून बघितली. अनुच्छेद ३२ मध्ये पाच आदेश आहेत: देहोपस्थिती, महादेश, प्रतिषेध, क्वाधिकार, प्राकर्षण. क्वाधिकार आणि प्राकर्षण मी चार वेळा वाचले, तरी अर्थ लागला नाही. लॅटिनच्या जागी अवघड संस्कृत बसवलं तर आपलं काय सुटलं?

पोथीवाली (मंगळवार, दुपारी २:००)

अगदी मान्य, श्रावणी. संस्कृतवर माझं प्रेम आहे, तरीही मान्य. शिवछत्रपतींच्या आज्ञेने राजव्यवहारकोश झाला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा. त्यातले काही शब्द रुळले आणि बरेचसे रुळले नाहीत. वकील, अर्ज, फिर्याद टिकले कारण लोक ते बोलत होते.

गंमत अशी की हे लॅटिन शब्द त्यांच्या काळात साधी वाक्यं होती, आदेशाच्या सुरुवातीचे शब्दच नाव म्हणून चिकटले. मँडॅमस म्हणजे 'आम्ही आज्ञा करतो'. क्वो वॉरंटो म्हणजे 'कोणत्या अधिकाराने?' अ‍ॅफिडेव्हिट म्हणजे 'त्याने शपथेवर सांगितलं आहे'. सबपीना म्हणजे 'दंडाच्या धाकाखाली'. अ‍ॅलिबाय म्हणजे नुसतं 'दुसरीकडे'. ग्रामपंचायतीच्या खुर्चीवर अपात्र माणूस बसला असेल तर आपण काय विचारतो? 'तू कोणत्या अधिकाराने बसलास?' हेच क्वो वॉरंटो. क्वाधिकार म्हणायची काय गरज होती?

उलट चांगली उदाहरणंही आहेत. स्टेटस को ला आपण 'जैसे थे' म्हणतो. कोर्टाने जैसे थे आदेश दिला, हे चहाच्या टपरीवरही कळतं. अमायकस क्युरीला 'न्यायमित्र'. प्राइमा फेसीला 'प्रथमदर्शनी'. हे शब्द कानाला आपले वाटतात.

मांडवीकाठ (मंगळवार, रात्री ९:१५)

गोव्याहून नमस्कार. आमच्याकडचं लॅटिन इंग्रजांमार्फत आलेलं नाही, पोर्तुगीजांमार्फत आलंय. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० मध्ये गोव्याला लागू झाली. वारसाहक्काच्या बाबतीत तिचा गाभा आजही टिकून आहे.

आई गेल्यावर घराची इन्व्हेंतारियु (वारसांत वाटणीसाठी मालमत्तेची यादी) केली तेव्हा जुन्या कागदांत जागोजागी 'दे कुयुस' असं होतं. आम्हा भावंडांना वाटलं ते कुणा माणसाचं नाव आहे, कुणी तरी विसरलेला वारसदार. नंतर कळलं की 'ज्याच्या वारशाचा प्रश्न आहे ती व्यक्ती' असा अर्थ. म्हणजे आमची आईच. तिचं नाव सोडून तिला असं म्हटलेलं वाचताना पोटात कालवलं होतं. २०१२ च्या गोव्याच्या नव्या वारसा कायद्यात तिथे साधा शब्द आहे, मालमत्ता मागे ठेवून गेलेली व्यक्ती.

पण एक शब्द मला प्रिय आहे, 'लेजितिमा'. कायद्याने राखून ठेवलेला वाटा. आईवडील मृत्युपत्राने आपल्या हिश्श्यातला अर्धाच भाग मर्जीप्रमाणे देऊ शकतात, उरलेला अर्धा मुलांचा, मुलगा आणि मुलगी सारखेच. माझ्या दोन्ही बहिणींना तो न मागता मिळाला. आमच्याकडे शाळेत न गेलेल्या बाईलाही लेजितिमा म्हणजे काय ते ठाऊक असतं, कारण तिचा हक्क त्या शब्दात आहे.

सह्यकडा (बुधवार, सकाळी ६:५०)

मांडवीकाठ यांचं शेवटचं वाक्य पटलं. ज्या शब्दात आपला जीव अडकलेला असतो तो परका राहत नाही. माझे वडील आणीबाणीत मिसाखाली (विनाखटला स्थानबद्धतेच्या कायद्याखाली) १४ महिने आत होते. आमच्या घरी 'हेबियस' हा शब्द आई भाजी निवडताना बोलायची. 'हेबियस टाकलाय, बघू.' तिला लॅटिन येत नव्हतं, पण अर्थ पक्का माहीत होता. माणूस समोर आणून उभा करा आणि कुठल्या कायद्याने धरलात ते सांगा.

देशातल्या अनेक उच्च न्यायालयांनी, आपल्या नागपूर खंडपीठानेही, त्या काळात असे अर्ज चालतील असं म्हटलं होतं. मग २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने सांगितलं की आणीबाणीत हा दरवाजा बंद. तो एक म्हणजे न्यायमूर्ती ह. रा. खन्ना. पुढच्या जानेवारीत त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केलं आणि त्यांनी राजीनामा दिला. बहुमतात न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. २०१७ मध्ये गोपनीयतेच्या निकालात त्यांचे चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड यांनी तो निकाल चुकीचा होता असं स्वच्छ लिहिलं आणि तो रद्द ठरला. माझे वडील तोवर गेले होते. आईला मी ते पेपरातून वाचून दाखवलं. ती म्हणाली, "उशीर झाला, पण लिहिलं ना."

विधीविद्यार्थी (बुधवार, दुपारी ४:२०)

सह्यकडा, नमस्कार तुमच्या आईंना.

काळाकोट सरांनी मेन्स रियाचा उल्लेख केला म्हणून सांगतो. आमच्याकडे शिकवतात तो मूळ खटला मुंबईचाच आहे. नोव्हेंबर १९६२ मध्ये झुरिकहून मनिलाला निघालेल्या एका प्रवाशाचं विमान सांताक्रूझला थांबलं. त्याच्या जाकिटात ३४ किलो सोनं. रिझर्व्ह बँकेने सोन्याबाबतचा नियम बदलल्याची सूचना चारच दिवसांपूर्वी, २४ तारखेला राजपत्रात आली होती. तो म्हणाला, मला माहीतच नव्हतं, मग माझं मन गुन्हेगार कसं? उच्च न्यायालयाने सोडलं, सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये दोन विरुद्ध एक मताने दोषी धरलं. 'गुन्हेगारी मन' हे दोन शब्द कळले की खटल्याचा सगळा वाद कळतो. परीक्षेत मात्र लॅटिन लिहिलं तरच गुण, असा समज आहे.

नाडीपरीक्षा (बुधवार, रात्री ९:००)

कॅव्हेटबद्दल कुणी लिहील का? आमच्या सोसायटीत त्यावरून गोंधळ चालू आहे.

काळाकोट (बुधवार, रात्री १०:१५)

कॅव्हेट म्हणजे 'त्याने सावध असावं'. समोरचा कोर्टात जाऊन मनाई हुकूम आणेल अशी भीती असेल तर आधीच अर्ज देऊन ठेवायचा की मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १४८-अ. लोकांची एक चूक सतत होते. कॅव्हेट म्हणजे स्टे नव्हे. त्याने काहीही थांबत नाही, फक्त तुम्हाला बोलायची संधी मिळते. आणि ते ९० दिवस टिकतं, पुढे हवं असेल तर नव्याने द्यावं लागतं. ९१ व्या दिवशी समोरच्याने आदेश आणल्याची प्रकरणं मी हाताळली आहेत.

बांधावरचा (पुढच्या मंगळवारी, संध्याकाळी ६:३०)

मंडळी, उशिरा लिहितोय, नकलेसाठी फेऱ्या चालू होत्या. आज मिळाली. १९९४ च्या रोजनाम्यात शेवटच्या तारखेला एवढंच आहे:

'पुकारा केला. वादी व त्यांचे वकील गैरहजर. प्रतिवादी गैरहजर. दावा काढून टाकण्यात येतो. खर्चाबद्दल हुकूम नाही.'

काळाकोट सर, दोन्ही बाजू गैरहजर. साक्षीपुरावा काहीच नाही, मुद्देसुद्धा निघालेले दिसत नाहीत.

काळाकोट (मंगळवार, संध्याकाळी ७:५०)

दादा, हे चांगलं आहे. दोघेही गैरहजर म्हणून काढलेला दावा हा ऑर्डर ९ नियम ३ खालचा. नियम ४ सांगतो की अशा वेळी मुदतीच्या अधीन राहून नवा दावा आणता येतो. नुसता वादी गैरहजर आणि प्रतिवादी हजर असता तर नियम ९ ची वेगळी अडचण आली असती. शिवाय तुमचं कुंपण मागच्या वर्षीचं, म्हणजे कारणही नवं. कलम ११ मधलं 'ऐकून अंतिमतः निर्णीत' इथे कुठेच दिसत नाही. निर्णय कोर्ट देईल, मी इथून देऊ शकत नाही. पण ही नक्कल तुमच्या वकिलांच्या हातात द्या, दस्तऐवजांच्या यादीने दाखल करायला सांगा, आणि नियम ३ व ४ चा आकडा कागदावर लिहून न्या.

बांधावरचा (मंगळवार, रात्री ८:४०)

वडिलांना तुमचं सगळं वाचून दाखवलं. रेस म्हणजे बाब, ज्युडिकाटा म्हणजे निवाडा झालेली, आणि आपला निवाडा झालेलाच नाही, असं सांगितलं. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे आपलं अजून कुणी ऐकलेलंच नाही. मग ऐकू दे की."

पुढची तारीख १८ ला आहे. मीही जाणार आहे त्यांच्याबरोबर.

टंकमुद्रा (मंगळवार, रात्री ९:०५)

मूळ नक्कल देण्याआधी दोन झेरॉक्स काढून घरी ठेवा, आणि दाखल केल्यावर निशाणी क्रमांक लिहून घ्या. १८ ला काय झालं ते इथे कळवा.